मनवारीतल्या (नौदलातल्या) माणसाच्या आठवणी कशा उतरवून घ्याव्यात

लढाईबद्दल विचारू नका. बहुतेक घरांत सुरुवातच तिथून होते. नातू मोबाइल पुढे धरून म्हणतो, "आजोबा, 71 च्या युद्धाबद्दल सांगा ना." आजोबा सांगतातही: कराचीवर सोडलेली क्षेपणास्त्रं, बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी, बुडालेली आपली खुकरी, ढाक्याची शरणागती. सगळं खरं असतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांनी नंतर रेडिओवर ऐकलेलं नाहीतर पेपरात वाचलेलं असतं. दहा मिनिटांत युद्ध संपतं, चहा येतो आणि आजोबा त्या रात्री बोटीच्या पोटात कुठे उभे होते हे कुणालाच कळत नाही.

मी स्वतः इंजिनरूमचा माणूस. नौदलात आलो 71 नंतर बऱ्याच वर्षांनी. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकलो, वाफेवर चालणाऱ्या फ्रिगेट जातीच्या लढाऊ बोटीवर बॉयलरपाशी उभा राहिलो, चीफ होऊन पेन्शनीत निघालो. युद्ध मी पाहिलेलं नाही. गावी परतल्यापासून मालवण, वेंगुर्ला, देवगड पट्ट्यातल्या जुन्या नौसैनिकांकडे जाऊन त्यांचं बोलणं रेकॉर्ड करतो आणि कागदावर उतरवतो. कोकणात जवळपास प्रत्येक वाडीत एक तरी माणूस मनवारीत गेलेला. 71 साली विशीतला पोऱ्या आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे, आणि पेटी ऑफिसर असलेले तर नव्वदीकडे. म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लांबणीवर टाकू नका.

जागा विचारा

विनाशिकेवरच्या (डिस्ट्रॉयरवरच्या) माणसाला लढाई दिसत नाही. ब्रिजवर उभ्या असलेल्या मोजक्या जणांना, तोफेच्या टोळीला आणि लुकआउटला काय दिसेल ते दिसेल. बाकी सगळे लोखंडी हॅच बंद करून आत. त्यांचं युद्ध म्हणजे त्यांच्यासमोरचा गेज, हँडव्हील, हेडफोन किंवा दारूगोळा वर चढवणारी होइस्ट. म्हणून पहिला प्रश्न एवढाच: "काका, अ‍ॅक्शन स्टेशन्सला तुम्ही कुठे असायचात?" अ‍ॅक्शन स्टेशन म्हणजे लढाईच्या वेळी ज्याची त्याची ठरलेली जागा.

चौके गावच्या एका काकांना मी हेच विचारलं. ते स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, होते, जुन्या ब्रिटिश बांधणीच्या विनाशिकेवर. बोटीचं नाव लिहू नये अशी घरच्यांची इच्छा, म्हणून लिहीत नाही. नौदलाने 1949 साली ब्रिटिशांकडून ज्या तीन 'आर' क्लास विनाशिका घेतल्या, राजपूत, रणजित आणि राणा, त्यांतली ती एक. दुसऱ्या महायुद्धातल्या बोटी, 4.7 इंची चार तोफा, दोन बॉयलर, 40,000 अश्वशक्तीची टर्बाइनं. 71 साल उजाडलं तेव्हा त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि त्यांना पळवायचं काम खाली स्टोकरांचं होतं. काका म्हणाले, "माका लढाय खंय दिसली? माका दिसत होतो तो पाण्याचो गेज. पाणी खाली गेला तर पाकिस्तानची गरजच नाय, आमीच आमका उडवतलों."

यात सगळं आलं. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी काचेच्या नळीत दिसते. पाणी कमी पडलं तर नळ्या तापून फुटतात. जास्त झालं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरून पाती मोडतं. वरून वेग वाढवायचा हुकूम आला की वाफेची मागणी वाढते, भट्टीत तेल फवारणारे जास्त स्प्रेयर पेटवावे लागतात, आणि त्या गडबडीत गेजवरची नजर हलवायची नाही. त्यात हवा कमी पडली तर धुराड्यातून काळा धूर निघतो, तो मैलभरावरून दिसतो, आणि वरून शिव्या येतात. हे सगळं 45-50 अंशांच्या उकाड्यात, ओव्हरऑल मोज्यांत खोचून, तोंडावर आणि हातांवर पांढरी अँटी-फ्लॅश, म्हणजे ज्वाळेपासून वाचवणारी टोपी आणि मोजे, चढवून. असा माणूस जेव्हा सांगतो की त्याला लढाई दिसली नाही, तेव्हा तो काही लपवत नसतो.

जागा कळली की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. उजव्या हाताला काय होतं? डाव्या हाताला कोण होता, कुठल्या गावचा? बाहेर पडायची शिडी किती पावलांवर? तहान लागली तर पाणी कशात? हुकूम कानाने यायचा की डोळ्याने, म्हणजे व्हॉइस पाइपमधून की वेगाचा हुकूम दाखवणाऱ्या इंजिन टेलिग्राफच्या काट्यावरून? वॉच (कामाची पाळी) संपल्यावर झोपायला कुठे? त्या बोटींवर हॅमॉक (झोपायच्या झोळ्या) असायचे, मेसडेकवर, म्हणजे नौसैनिकांच्या राहायच्या जागेत, जेवायच्या टेबलांच्या वर टांगलेले. लढाईच्या दिवसांत ते बांधायची सवड किती जणांना मिळाली आणि बाकीचे कुठे लवंडले, हे विचाराच. जेवण कुठे आणि कसं? अ‍ॅक्शन स्टेशनवर ताट मिळत नाही, हातात धरून खाता येईल तेच येतं. हे प्रश्न फालतू वाटतात. पण अधिकृत इतिहासात अ‍ॅडमिरल, तारखा आणि बोटींचे कोर्स (मार्ग) सापडतील. पुरी-भाजी कशात बांधून आली ते तुमच्या काकांशिवाय कुणी सांगणार नाही.

प्रत्येक शाखेच्या माणसाला वेगळं विचारायचं. टेलिग्राफिस्ट (वायरलेसवाला) असेल तर कानावर काय पडायचं ते विचारा. राजपूतने विशाखापट्टणमजवळ मुद्दाम भरपूर वायरलेस संदेश पाठवले, शत्रूला वाटावं की विमानवाहू विक्रांत इथेच आहे. विक्रांत तेव्हा तिथून दूर होती. अशा वेळी वायरलेसची कळ दाबणाऱ्या पोऱ्याला कारण ठाऊक होतं का? सोनारवाला (पाण्यात आवाज सोडून पाणबुडी शोधणारा) असेल तर पाणबुडीचा प्रतिध्वनी आणि माशांच्या थव्याचा प्रतिध्वनी त्याला कसा वेगळा ओळखू यायचा, ते तोंडाने आवाज काढून दाखवायला सांगा. कुक किंवा स्टुअर्ड असेल तर त्याला कमी लेखू नका. अ‍ॅक्शन स्टेशनला तोही दारूगोळ्यावर नाहीतर डॅमेज कंट्रोल पार्टीत (आग विझवणाऱ्या, भोकं बुजवणाऱ्या टोळीत) असतो, आणि बोटीवरची खरी खबर बहुधा त्याच्याकडेच असते.

खडू घ्या

माझा सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय सांगतो. कागदावर बोटीचं चित्र काढा म्हटलं की म्हातारी माणसं बिचकतात, "माका चित्रा येनत नाय" म्हणतात. त्याऐवजी खडू घेऊन अंगणात जा. शेणाने सारवलेलं खळं असलं तर उत्तम, फरशीही चालेल. त्यांच्या कंपार्टमेंटची लांबी-रुंदी पावलांनी मोजायला सांगा आणि खऱ्या मापात रेघा मारा. मग त्यांनी आत उभं राहायचं.

चौक्याचे काका काठी टेकत आले. मी बॉयलरची पुढची बाजू म्हणून एक रेघ ओढली. ते म्हणाले, इतकी लांब नव्हती, मागे घे. मागे घेतली. मग त्यांनी काठी पेरूच्या झाडाला टेकवली, रेघेच्या आत पाऊल टाकलं, आणि दोन्ही हात वर करून डोक्याच्या किंचित वर, उजव्या बाजूला, हवेतच एक चाक फिरवलं. डोळे वर एका ठिकाणी रोखलेले. तिथे गेज होता. पुढे न विचारता एअरलॉक दाखवला. त्या बॉयलररूममध्ये पंख्यांनी हवा दाबून भरलेली असायची, म्हणून आत यायला दोन दारांची छोटी खोली. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर भट्टीची ज्वाळा तोंडावर यायची. काकांनी पहिलं दार लावल्याची खूण केली, थांबले, मग दुसरं उघडलं. बसून दोन तासांत जे आलं नव्हतं ते अंगणात पाव तासात आलं, कारण हात बोलत होते.

हे व्हिडिओवर घ्या, पण मोबाइल दुसऱ्या कुणाला तरी धरायला द्या. तुम्ही खडू आणि माणूस यांच्याकडे लक्ष ठेवा. पाय घसरण्याची भीती असेल तर खुर्ची आत ठेवून बसूनच करायला सांगा. संपल्यावर वरून, शक्य असल्यास माडीवरून, त्या रेघांचा फोटो घ्या आणि पुसण्याआधी मापं वहीत उतरवा.

बाकी रेकॉर्डिंगचं थोडक्यात. मोबाइल विमान मोडवर टाका, घडी केलेल्या पंचावर ठेवा, पंखा बंद करा. पत्र्याची पडवी असेल तर पावसाळ्यात तिथे बसू नका. तोफेवरच्या आणि इंजिनरूमच्या बहुतेक माणसांचा एक कान तरी गेलेला असतो. कुठला शाबूत ते आधी विचारून त्या बाजूला बसा, नाहीतर तुमचा प्रश्न एक आणि उत्तर भलतंच. सकाळची वेळ बरी. घरातल्या सगळ्यांना भोवती गोळा करू नका. चार पोरं समोर बसली की आजोबा पराक्रम सांगायला लागतात, आणि पराक्रम फार लवकर संपतो.

डब्यातले कागद

बोलायला बसण्याआधी पत्र्याची ट्रंक उघडायला सांगा. डिस्चार्जचे कागद, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पदकं, फोटो, पत्रं. पदकांवरून बरंच कळतं. 71 च्या लढाईत पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेला असलेल्यांना पश्चिमी स्टार. काका कराचीच्या गोष्टी सांगताहेत आणि डब्यात पूर्वी स्टार आहे, तर कराचीचं त्यांनी ऐकलेलं आहे. ते बंगालच्या उपसागरात होते. पदकाच्या कडेवर किंवा पाठीमागे क्रमांक, हुद्दा आणि नाव असतं. भिंगाने वाचा. ब्रासो लावून घासू नका, घासून घासून ती अक्षरंच जातात.

फोटोत बोटीच्या अंगावरचा क्रमांक बघा. नौदलात नावं पुन्हा वापरतात आणि इंटरनेटवर शोधणारा इथे हमखास फसतो. 71 ची राजपूत डी 141. 1980 साली सोव्हिएत युनियनकडून आलेली राजपूत डी 51, तिला 2021 साली निरोप दिला. रणजित आणि राणा ही नावंही तशीच पुढच्या बोटींना मिळाली. दिल्ली आणि म्हैसूर या आधी क्रूझर होत्या, नंतर त्याच नावांच्या विनाशिका आल्या. खुकरीही तसंच: 9 डिसेंबर 1971 ला बुडाली ती ब्रिटिश बांधणीची फ्रिगेट, नंतरची खुकरी माझगाव डॉकमध्ये बांधलेली कॉर्व्हेट. आजोबांच्या लेखाला भलत्याच बोटीचा फोटो लावलेला मी छापील स्मरणिकेत पाहिला आहे.

आणि हो, गावात सगळ्याच लढाऊ बोटींना 'डिस्ट्रॉयर' म्हणायची पद्धत आहे. खुकरी, किरपाण, तलवार, त्रिशूल या फ्रिगेट. वाद घालू नका, क्रमांक बघा आणि मनात दुरुस्त करा.

पत्रं कमी सापडतात, मनीऑर्डरची कुपनं जास्त. कोकणातल्या बायकांनी ती देव्हाऱ्याच्या खणात, पोथीत, तांदळाच्या डब्याच्या झाकणाखाली जपून ठेवलेली असतात. कुपनावर दोन ओळी मजकूर असतो आणि पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख. आंतर्देशीय पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता बोटीचं नाव आणि 'फ्लीट मेल ऑफिस' असा असे. कुठलं फ्लीट मेल ऑफिस यावरून बोट कुठल्या किनाऱ्याला होती ते कळतं. ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला पत्र आणि मग एकदम दोन महिने काहीच नाही, तर ती पोकळीही नोंदवा.

इथेच काकींना सामील करून घ्या. नवरा कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. 3 डिसेंबर 1971, शुक्रवार संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपले विमानतळ गाठले, मध्यरात्री पंतप्रधान रेडिओवर बोलल्या. ते कुणाच्या घरी ऐकलं, वाडीत रेडिओ किती होते, खुकरीची बातमी आली तेव्हा तिला कोणी काय सांगितलं? देवबागच्या एका काकींनी मला सांगितलं की बातमीत बोटीचं नाव नीट ऐकू आलं नाही म्हणून त्या पोस्टमास्तरांच्या घरापर्यंत चालत गेल्या. हे तुम्हाला कुठल्याच युद्धाच्या इतिहासात सापडणार नाही. काकींचं रेकॉर्डिंग वेगळं करा, काका घरात नसताना. असले की मधे बोलतात.

पाहिलं, ऐकलं, वाचलं

आता कठीण भाग. पन्नासहून अधिक वर्षांत स्वतःचं पाहिलेलं, मेसडेकवर ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं एकमेकांत मिसळतं. यात खोटेपणा नाही, कुणाचंही मिसळेल. तुम्ही ते वेगळं करून ठेवायचं, तेही त्यांना न दुखवता.

मी वहीच्या समासात तीन अक्षरं लिहितो: पा, ऐ, वा. पाहिलं, ऐकलं, वाचलं. प्रत्येक वाक्यापुढे एक. शंका असेल तर प्रश्नचिन्ह. विचारायची पद्धत साधी: "हे तुम्हाला तेव्हाच कळलं की नंतर?" हा प्रश्न लोक आनंदाने ऐकतात, त्यात संशय वाटत नाही. "नक्की का?" मात्र विचारू नका. त्यावर माणूस एकतर चिडतो किंवा आणखी ठासून सांगतो.

उदाहरण गाझीचं घ्या. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री राजपूत विशाखापट्टणम बंदरातून बाहेर पडली, लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग तिचे कॅप्टन. तिने डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब, टाकले. त्यानंतर किनाऱ्यावर मोठा स्फोट ऐकू आला, आणि गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी 90 हून अधिक माणसांसह तिथे तळाला सापडली. आपलं नौदल श्रेय राजपूतला देतं. पाकिस्तानची बाजू अशी की आतल्या स्फोटाने किंवा सुरुंगाने ती गेली. गाझी बुडाल्याचं जाहीर झालं 9 डिसेंबरला. आता कुणी म्हातारा सांगत असेल की त्याच रात्री आम्ही "गाझी मारली" म्हणून मेसडेकवर ओरडलो, तर त्याचे दोन तुकडे करा. धक्का बसला हे 'पा'. ती गाझी होती हे 'ऐ', बऱ्याच दिवसांनंतरचं. दोन्ही ठेवा. वाद निकालात काढणं आपलं काम नाही. बॉयलररूममध्ये उभा असलेला माणूस तो निकाल देऊही शकत नाही.

धक्क्याबद्दल मात्र खोदून विचारा, कारण तो त्यांचा स्वतःचा. डेप्थ चार्ज ठरवलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबाने फुटतो आणि बोटीला तोवर वेगाने दूर जावं लागतं. खाली काय होतं? चौक्याच्या काकांनी सांगितलं: आवाजाआधी पायांना कळतं, प्लेट खालून उचलल्यासारखी होते. मग घणाचा आवाज, दोनदा. एक पाण्यातून, एक बोटीतून. दिवा गेला आणि आला. नळ्यांवरच्या लॅगिंगची (उष्णता अडवणाऱ्या वेष्टनाची) पांढरी धूळ सगळ्यांच्या टोप्यांवर पडली, आणि पलीकडचा पोऱ्या पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसला म्हणून ते हसले. हसल्याचं सांगताना ते जरा ओशाळले. मी पान उलटलं नाही, पुढचा प्रश्नही विचारला नाही. मग म्हणाले, गेजकडे बघायचं राहून गेलं होतं, हसण्याच्या नादात. अर्धा मिनिट.

तारखा जुळवायला पंचांग वापरा. आमच्या भागातली माणसं इंग्रजी तारीख विसरतात, पण दत्तजयंती, जत्रा, शिमगा विसरत नाहीत. 1971 साली मार्गशीर्ष पौर्णिमा 2 डिसेंबरच्या आसपास होती. म्हणजे 4 डिसेंबरच्या रात्री, कराचीवर पहिला हल्ला झाला तेव्हा, आकाशात मोठा चंद्र होता. वरच्या डेकवरचा माणूस त्या रात्रीचं चांदणं सांगत असेल तर ते बरोबर बसतं. 9 डिसेंबरला खुकरीला पाणतीर (टॉर्पेडो) लागले ते रात्री नऊच्या आत आणि तेव्हा चंद्र उगवायचा होता. काळोख म्हणत असतील तर तेही बरोबर. घड्याळाच्या वेळेत अर्ध्या तासाचा फरक दिसला तर दचकू नका: पाकिस्तानी हकिगती त्यांच्या घड्याळाने असतात, आणि ते आपल्यामागे अर्धा तास.

दोन सोबत्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर त्यांना समोरासमोर बसवून निकाल लावायचा मोह होतो. आधी दोघांचं वेगवेगळं पूर्ण रेकॉर्ड करा. एकत्र बसले की ज्याचा हुद्दा मोठा त्याचं खरं ठरतं. चाळीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेला लीडिंग हँड (चीफपेक्षा खालच्या हुद्द्याचा नौसैनिक) अजूनही चीफसमोर मान डोलावतो, मी पाहिलं आहे.

खुकरीचं विचारताना

पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा नोकरीत असलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा खुकरीवर कुणीतरी होता: ट्रेनिंगचा सोबती, मेसचा भिडू, गाववाला. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोटीबरोबर गेले. ज्यांची तिथून बदली आदल्या महिन्यांत झाली होती असेही लोक आहेत, आणि ते याविषयी सहसा बोलत नाहीत.

पहिल्या बैठकीत हा विषय काढू नका. त्यांनी काढला तर ऐका. "मग तुम्हाला काय वाटलं?" हा टीव्हीवाल्यांचा प्रश्न टाळा, त्याऐवजी त्या सोबत्याचं विचारा: कुठल्या गावचा, हॉकी खेळायचा का, उधारी ठेवायचा का. गेलेल्या माणसाबद्दल बोलणं सोपं जातं, त्याच्या जाण्याबद्दल नाही. हात थरथरायला लागले किंवा पुन्हा पुन्हा पाणी मागितलं तर रेकॉर्डिंग थांबवा, आणि थांबवलं आहे हे त्यांना दाखवा. रात्री झोप लागली का, हे दुसऱ्या दिवशी सुनेला विचारा. नसेल लागली तर पुढची बैठक लांबवा, आणि त्या बैठकीत पुन्हा मेस आणि जेवणच.

"किती मारले?" हे पोरांना विचारू देऊ नका. त्याचं उत्तर बोटीवरच्या कुणाकडेच नसतं, आणि त्यांना तो प्रश्न आवडत नाही.

उतरवताना

रेकॉर्डिंग झाल्यावर आठवड्याच्या आत लिहून काढा, आवाज कानात असताना. मालवणी असेल तर मालवणीच ठेवा. "मी बॉयलरच्या पाणीपातळीचे निरीक्षण करीत होतो" असं लिहिलंत तर काका तुम्हाला घरात घेणार नाहीत. नौदलाचे शब्द जसे तोंडात आहेत तसेच: पाइप, मेसडेक, हॅच, डॉग वॉच, ओव्हरऑल. ज्यांना कळणार नाहीत त्यांच्यासाठी शेवटी साध्या मराठीत अर्थ द्या. वेळ सांगताना 'मिडल वॉच' म्हणाले तर मध्यरात्र ते पहाटे चार, 'मॉर्निंग' म्हणजे चार ते आठ. डॉग वॉच संध्याकाळी चारपासून दोन-दोन तासांचे दोन.

त्यांच्या मजकुरात तुमची दुरुस्ती घुसडू नका. तारीख चुकली असेल तर ओळ तशीच ठेवून खाली तळटीप द्या, आणि ती तुमची आहे हे स्पष्ट लिहा. मग पूर्ण मजकूर मोठ्याने वाचून दाखवा, चांगल्या कानाच्या बाजूने. ते तारखांना मान डोलावतील आणि व्हॉल्व्हच्या जागेवरून भांडतील. भांडू द्या, ती दुरुस्ती मात्र मजकुरात करा.

नोकरीचा अधिकृत तपशील हवा असेल, कुठल्या बोटीवर कधी ते कधी, तर नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. अर्जात पूर्ण नाव, सेवा क्रमांक, भरती आणि निवृत्तीचं साल लिहा, पीपीओची प्रत जोडा, आणि माणूस हयात असेल तर त्यांच्याच सहीने पाठवा. ते सोपं पडतं. अर्ज लिहिता येत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

सेवा क्रमांक, पीपीओ, पत्ता, सोबत्यांची आडनावं हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायच्या प्रतीत झाकून टाका. पेन्शनरांना फसवणारे टोळके याच गोष्टी शोधत असतात. मूळ रेकॉर्डिंगच्या तीन प्रती करा: एक घरात पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे, एक ऑनलाइन साठवणीत. फाइलचं नाव 'आजोबा नवीन 2' असं ठेवू नका. वर्ष, महिना, दिवस, गाव, शाखा अशा क्रमाने ठेवा, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. छापील प्रत गावच्या ग्रंथालयाला द्यायची असेल तर आधी काकांची सही घ्या आणि काकींनाही विचारा. मनीऑर्डरची कुपनं तिची आहेत.